वनस्पतींचे अर्क संजीवकासारखे काम करतात का? एका चाचणी संचाचे परीक्षण

शेवग्याच्या पानांचा रस, समुद्री शेवाळाचा अर्क, विलो या झाडाची साल भिजवलेले पाणी आणि नारळपाणी ही द्रव्ये झाडांसाठी ‘नैसर्गिक संजीवके’ म्हणून वापरली जातात, आणि ज्याने ती वापरली त्याला बहुतेक वेळा झाड आधीपेक्षा टवटवीत दिसते. ही टवटवी अर्कातल्या संजीवकामुळे आली, त्यातल्या पालाश-नत्रामुळे आली, की नुसत्या वेळेवर मिळालेल्या पाण्यामुळे आली, हे मात्र झाडाकडे पाहून कोणालाही सांगता येत नाही. प्रस्तुत संच हाच प्रश्न सोडवण्याचे आश्वासन देतो. कोणत्याही वनस्पती-अर्कात ऑक्सिन, जिबरेलिन किंवा सायटोकायनिन या वनस्पतींच्या वाढ-संजीवकांसारखी क्रिया आहे की नाही, हे महागड्या उपकरणांशिवाय बियाणे, रोपे आणि मोजपट्टी यांच्या आधारे तपासता येते, असे त्याच्या वेष्टनावर लिहिले आहे. संचाचे व्यापारी नाव मी देत नाही, कारण मला जे म्हणायचे आहे ते त्याच्या रचनेविषयी आहे. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो: यातली जिबरेलिनची मुख्य चाचणी उत्तम आहे, सायटोकायनिनच्या चाचण्या थोडी भर घातल्यास विश्वासार्ह होतात, आणि ऑक्सिनची चाचणी संचात दिली आहे त्या स्वरूपात कोणीही ग्राह्य धरू नये.

संचात इंडोल ॲसेटिक आम्ल (एक ऑक्सिन), जिबरेलिक आम्ल (एक जिबरेलिन) आणि कायनेटिन (एक सायटोकायनिन) या तीन प्रमाण द्रव्यांच्या, म्हणजे तुलनेसाठीच्या शुद्ध संजीवकांच्या, लहान बाटल्या आहेत. त्याशिवाय ओट, बटू वाटाणा, बार्ली, मूग, काकडी आणि लाल राजगिरा यांचे बियाणे, पेट्री डिश, गाळण कागद, बारीक पिपेट, रंग ताडून पाहण्याचा एक तक्ता आणि माहितीपुस्तिका एवढे साहित्य मिळते. बियाण्याची निवड जाणकाराने केलेली आहे, हे पहिल्या नजरेतच कळते. यातली प्रत्येक वनस्पती संजीवक-संशोधनाच्या इतिहासात चाचणीसाठी प्रत्यक्ष वापरली गेली आहे. साठवणुकीबाबत मात्र तीच काळजी घेतलेली दिसत नाही. इंडोल ॲसेटिक आम्ल प्रकाशात विघटन पावते, त्यामुळे ते गडद तपकिरी बाटलीत आणि थंड जागी ठेवावे लागते. येथे ते पारदर्शक बाटलीत दिले आहे. जिबरेलिक आम्ल पाण्यात विरघळवून उबेत ठेवले तर हळूहळू निष्क्रिय होते, म्हणून त्याचे द्रावण प्रत्येक प्रयोगापूर्वी ताजे करावे, ही सूचनाही पुस्तिकेत नाही. ज्या द्रव्याशी अर्काची तुलना करायची तेच निम्मे मेलेले असेल, तर अर्क आहे त्यापेक्षा अधिक प्रभावी भासतो, आणि अर्काच्या बाजूने चुकणारी चाचणी ही नेमकी आपल्याला नको असलेली चाचणी आहे.

प्रमाण द्रव्ये संचात दिली आहेत हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि त्यामागचे कारण थोडे विस्ताराने सांगायला हवे. संजीवक हे अन्न नाही. वनस्पती स्वतः अत्यल्प प्रमाणात तयार करते आणि तेवढ्यानेच वाढीची दिशा, गती किंवा स्वरूप बदलते, असे ते द्रव्य असते. म्हणून ‘अर्क दिला आणि वाढ झाली’ या निरीक्षणातून संजीवकाविषयी काहीच सिद्ध होत नाही. अर्काचे दहापट, शंभरपट आणि हजारपट विरलन करत गेल्यावर परिणाम कसा बदलतो, आणि तो बदल शुद्ध संजीवकाच्या मात्रेनुसार होणाऱ्या बदलाशी जुळतो का, हे पाहावे लागते. डच वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या कामाचे महत्त्व यातच होते. ओटच्या कोवळ्या अंकुरावरणाचे, म्हणजे पहिल्या पानाभोवतीच्या नळीसारख्या आवरणाचे, टोक कापून त्यांनी ते आगर या जेलीसारख्या पदार्थाच्या ठोकळ्यावर ठेवले, नंतर तो ठोकळा टोक कापलेल्या अंकुरावर एका बाजूला ठेवला, आणि अंकुर किती अंशांनी वाकतो हे मोजले. ठोकळ्यावर जास्त टोके ठेवली की, एका मर्यादेपर्यंत, वाकणेही त्या प्रमाणात वाढले. टोकातून पाझरणारे काहीतरी आहे, हे त्यापूर्वी इतरांनीही दाखवले होते. वेंट यांनी ते मोजता येईल असे केले. मोजमाप आले, म्हणून पुढे ते द्रव्य रासायनिकदृष्ट्या ओळखणे शक्य झाले.

आता संचातली ऑक्सिनची चाचणी पाहू. येथे वेंट यांची वाकण्याची पद्धत न घेता तिचे सोपे रूप घेतले आहे, आणि ते योग्यच आहे. अंधारात वाढवलेल्या ओटच्या अंकुरावरणाचे टोक काढून टाकायचे, त्याखालचा दहा मिलिमीटरचा तुकडा कापायचा, तो अर्कात तरंगत ठेवायचा आणि सुमारे एका दिवसाने त्याची लांबी मोजायची, अशी ही कृती आहे. टोक काढल्यामुळे तुकड्याला स्वतःच्या ऑक्सिनचा पुरवठा उरत नाही, त्यामुळे बाहेरून दिलेल्या ऑक्सिनला तो ठळक प्रतिसाद देतो. इंडोल ॲसेटिक आम्लाच्या ०.०१ ते १० पीपीएम (दशलक्ष भागांतले भाग) या पट्ट्यात हा प्रतिसाद मात्रेनुसार चढत जातो आणि त्यापुढे उतरू लागतो. संचातले बियाणे एकसारखे उगवले, आणि ताज्या प्रमाण द्रावणात तुकड्यांची लांबी अपेक्षेप्रमाणे वाढली. इथपर्यंत तक्रारीला जागा नाही.

अडचण अर्काच्या आम्लतेत आहे. ऑक्सिन पेशीला वाढवते ते कसे, याचे १९७० च्या सुमारास मांडले गेलेले आणि पुढे भक्कम झालेले स्पष्टीकरण असे आहे की, ऑक्सिनमुळे पेशी आपल्या भित्तिकेत हायड्रोजन आयन सोडते, भित्तिका आम्लधर्मी होऊन सैल पडते आणि आतल्या पाण्याच्या दाबाने पेशी ताणली जाते. याचा सरळ अर्थ असा की आम्ल बाहेरून दिले तरी अंकुरावरण लांबते. वनस्पतींचे बरेच अर्क मुळातच आम्लधर्मी असतात, आणि आंबवलेले अर्क तर हमखास असतात. बाह्यत्वचेवरच्या मेणकट थरामुळे आम्लाचा शिरकाव काहीसा अडतो, पण कापलेली टोके उघडी असतात आणि सेंद्रिय आम्ले त्या थरातूनही थोडीफार आत जातात. अशा अर्कात तुकडा लांबला, तर ते ऑक्सिनचे काम की आम्लाचे, हे या चाचणीतून ठरत नाही. संचात सामू (पीएच, म्हणजे आम्लता) मोजण्याची पट्टी नाही, सामू स्थिर ठेवणारे द्रावण म्हणजे बफर नाही, आणि पुस्तिकेत या धोक्याचा उल्लेखही नाही. केवळ या एका त्रुटीमुळे ऑक्सिनविषयीचे ‘हो’ हे उत्तर निरुपयोगी ठरते, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

उपाय फार अवघड नाही. अर्क, प्रमाण द्रावण आणि तुलनेचे साधे द्रावण ही तिन्ही सामू सहाच्या आसपास असलेल्या सौम्य फॉस्फेट बफरमध्ये करावीत, आणि प्रयोगाच्या शेवटी सामू पुन्हा मोजावा. मी तसे केले तेव्हा आंबवलेल्या पाल्याच्या अर्काचा परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. शुद्ध ऑक्सिनचा टिकून राहिला. दुसरी खूण काळाची आहे. आम्लामुळे होणारी वाढ जवळपास लगेच सुरू होते आणि थोड्याच वेळात मंदावते. ऑक्सिनमुळे होणारी वाढ सुमारे दहा मिनिटे उशिरा सुरू होते, पण कित्येक तास चालू राहते. म्हणून पहिल्या दोन तासांत एकदा आणि दिवसाअखेर एकदा अशी दोन मोजमापे घेतली, तर एकाच मोजमापापेक्षा कितीतरी अधिक उलगडा होतो. पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत एवढे दोन परिच्छेद घातले, तरी ही चाचणी आजच्यापेक्षा पुष्कळ सुधारेल.

ऑक्सिनसाठी संचात आणखी एक चाचणी आहे, ती म्हणजे मुगाच्या छाटांना मुळे फुटण्याची. रोपाचे मूळ कापून उरलेले खोड अर्कात ठेवायचे आणि फुटलेली मुळे मोजायची. विलोच्या सालीसाठी मी हीच पद्धत वापरली, कारण त्या सालीची ख्याती मुळे फुटण्याशीच जोडलेली आहे. एकट्या सालीच्या पाण्याने मुळांची संख्या थोडीशीच वाढली. ते पाणी आणि सौम्य ऑक्सिन एकत्र दिले तेव्हा मात्र दोघांच्या वेगवेगळ्या परिणामांच्या बेरजेपेक्षा अधिक मुळे फुटली. हे निरीक्षण जुन्या संशोधनाशी जुळणारे आहे. विलोत मुळे फुटण्यास साहाय्य करणारी, पण स्वतः ऑक्सिन नसलेली द्रव्ये असतात, असे मुगाच्या याच चाचणीतून पूर्वी दाखवले गेले आहे. वनस्पतींतली काही फिनॉलिक द्रव्ये ऑक्सिनचे विघटन करणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) अडवतात, त्यामुळे रोपाचे स्वतःचे ऑक्सिन अधिक काळ टिकते. अशा द्रव्याला ‘संजीवकासारखे’ म्हणायचे की ‘संजीवकाचा साहाय्यक’ म्हणायचे, हा भेद कोरडा वाटला तरी व्यवहारात त्याला मोल आहे: साहाय्यक द्रव्य ज्या छाटात मुळातच ऑक्सिन कमी आहे तिथे फारसे काम करणार नाही. पुस्तिकेतल्या निकालपत्रकात मात्र ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढेच दोन रकाने आहेत.

जिबरेलिनच्या चाचणीकडे वळताना समाधान वाटते. बटू वाटाण्याची निवड अत्यंत समर्पक आहे. मेंडेलने अभ्यासलेल्या सात लक्षणांपैकी उंची हे एक लक्षण. त्यामागचे जनुक १९९७ साली ओळखले गेले आणि ते जिबरेलिन तयार करण्याच्या साखळीतल्या एका विकराचे निघाले. बटू वाटाण्यात हे विकर नीट काम करत नाही, त्यामुळे सक्रिय जिबरेलिन पुरेसे तयार होत नाही आणि पेरे आखूड राहतात. म्हणजे या रोपाला पाणी, प्रकाश आणि खत यांची कमतरता नसते. कमतरता एका विशिष्ट द्रव्याची असते, आणि ते बाहेरून मिळाले की रोप उंच होते. संजीवकाच्या चाचणीला याहून चांगला आधार मिळणे कठीण आहे. कोवळ्या शेंड्यावर जिबरेलिक आम्लाचा एक बारीक थेंब ठेवला की आठवडाभरात पेरांची लांबी नजरेत भरेल एवढी वाढते, आणि मात्रा दहापट केली की लांबीत आणखी भर पडते. खताचा किंवा साखरेचा थेंब असे काही करत नाही. धडधाकट रोपावर दिलेले ऑक्सिनही सहसा एवढा परिणाम देत नाही. आम्लतेचा प्रश्नही येथे जवळजवळ उरत नाही.

मी तपासलेल्या अर्कांपैकी एकानेही या चाचणीत प्रमाण द्रावणाच्या जवळपास जाणारा प्रतिसाद दिला नाही. मला हे निराशाजनक वाटले नाही. स्पष्टपणे ‘नाही’ म्हणू शकणारी चाचणीच पुढे कधी ‘हो’ म्हणाली तर तिच्यावर विश्वास ठेवता येतो. जिबरेलिनचा शोधच मुळात अशा वागणुकीतून लागला होता. भाताची रोपे अस्वाभाविक उंच होऊन कोलमडण्याच्या रोगाचा अभ्यास करताना जपानी संशोधक एइची कुरोसावा यांनी १९२६ साली दाखवले की, रोगकारक बुरशी ज्या द्रवात वाढवली तो द्रव बुरशी गाळून काढल्यावरही रोपांना तसेच उंच करतो. ते द्रव्य वनस्पती स्वतःही तयार करतात, हे कळायला त्यानंतर बरीच वर्षे गेली. उच्च वनस्पतींच्या कोवळ्या ऊतींत त्याचे प्रमाण अगदी थोडे असते, तर अपक्व बियांत तुलनेने जास्त असते. म्हणून पानांच्या रसाऐवजी कोवळ्या बियांचा अर्क घेऊन ही चाचणी करून पाहावी, अशी सूचना पुस्तिकेत असती तर वाचकाचा बराच वेळ वाचला असता.

बार्लीच्या अर्ध्या दाण्याची जोडचाचणी दिसायला आकर्षक आहे, पण करायला नाजूक. दाण्याचा गर्भ असलेला भाग काढून टाकला की उरलेल्या भागाला जिबरेलिन मिळत नाही. ते बाहेरून दिले की दाण्याच्या बाहेरच्या पेशीथरातून अमायलेज हे विकर बाहेर पडते आणि आगरमधल्या पिष्टाचे विघटन करते. आयोडीन ओतल्यावर सर्वत्र निळा-जांभळा रंग येतो आणि दाण्याभोवती फिकट वर्तुळ राहते. हा परिणाम १९६० साली पॅलेग आणि योमो यांनी स्वतंत्रपणे दाखवला होता. संचात ही चाचणी फसण्याची दोन कारणे आहेत. दाण्यावरच्या बुरशी आणि जिवाणूही अमायलेज सोडतात, म्हणून दाणे सोडियम हायपोक्लोराइटने निर्जंतुक करणे अनिवार्य आहे. पुस्तिकेत ते ‘शक्य असल्यास’ करावे असे लिहिले आहे. शिवाय ताज्या पानांच्या रसात वनस्पतीचे स्वतःचे अमायलेज असू शकते. त्यामुळे दाणा न ठेवता नुसता अर्क टाकलेली एक जागा आणि उकळून गार केलेल्या अर्काची एक जागा, अशा दोन तुलना त्याच थाळीत हव्यात. त्या नसतील तर फिकट वर्तुळाचा अर्थ लावू नये.

सायटोकायनिनच्या बाबतीत संचाने तीन चाचण्या दिल्या आहेत आणि त्यांपैकी राजगिऱ्याची मला सर्वांत आवडली. लाल राजगिऱ्याची अंधारात उगवलेली रोपे घेऊन त्यांची मुळे काढून टाकायची, टायरोसीन घातलेल्या फॉस्फेट बफरमध्ये ती ठेवायची आणि त्यात अर्क मिसळायचा. सायटोकायनिन असेल तर एका दिवसात रोपांत बीटासायनिन हे तांबडे रंगद्रव्य तयार होते. प्रकाशामुळेही हेच रंगद्रव्य बनते, म्हणून सगळे काम अंधारात किंवा अगदी मंद हिरव्या प्रकाशात करावे लागते, आणि पुस्तिकेने हे ठळक अक्षरांत सांगितले आहे, याबद्दल तिचे कौतुक. बफर येथे आपोआपच आला, त्यामुळे आम्लतेचा गोंधळ टळला. रंगद्रव्याचा कच्चा माल म्हणजे टायरोसीन सर्व नळ्यांत सारखेच दिलेले असते, त्यामुळे अर्कातल्या अमिनो आम्लांमुळे पडणारा फरकही कमी होतो.

या चाचणीत नारळपाण्याने निःसंशय प्रतिसाद दिला. बरेच विरलन केल्यावरही रंग आला आणि विरलनानुसार तो फिका होत गेला. १९४१ साली योहानेस फान ओव्हरबेक आणि सहकाऱ्यांनी धोत्र्याचे कोवळे गर्भ कृत्रिम माध्यमात वाढवण्यासाठी नारळाच्या शहाळ्यातले पाणी वापरले होते, आणि त्यातल्या अज्ञात घटकाचा शोध हा सायटोकायनिनच्या संशोधनातला महत्त्वाचा टप्पा ठरला. १९५५ मध्ये स्कूग आणि मिलर यांच्या प्रयोगशाळेत कायनेटिन मिळाले ते हेरिंग माशाच्या शुक्रपेशींतल्या डीएनएपासून; वनस्पतीतले नैसर्गिक सायटोकायनिन झिएटिन लेथम यांनी मक्याच्या कोवळ्या दाण्यांतून पुढच्या दशकात वेगळे केले, आणि नारळपाण्यातही झिएटिन व त्याची संयुगे असतात हे नंतर सिद्ध झाले. म्हणजे येथे चाचणीने जे सांगितले त्याला रसायनशास्त्राचा स्वतंत्र पुरावा आहे. कोणताही नवा अर्क तपासण्याआधी नारळपाण्याची एक नळी लावावी, असे मी सुचवीन: ती रंगली नाही, तर त्या दिवशीचा प्रयोगच बाद समजावा.

काकडीच्या बीजपत्रांच्या प्रसरणाची आणि कापलेल्या पानांच्या पिवळेपणाची अशा उरलेल्या दोन चाचण्यांत मात्र अन्नद्रव्ये सहज घोटाळा करतात. काकडीचे बीजपत्र सायटोकायनिनमुळे पसरते, पण पोटॅशियममुळेही त्या पसरण्याला जोर मिळतो. समुद्री शेवाळाचे पुष्कळ व्यापारी अर्क पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरून काढले जातात, त्यामुळे त्यांत पोटॅशियम भरपूर असते. मी शेवाळाच्या अर्काशेजारी तेवढेच पोटॅशियम क्लोराइड असलेले साधे द्रावण लावले, तेव्हा दोन्हींतला फरक डोळ्यांनी सांगणे अवघड झाले. यावरून शेवाळाचा अर्क निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढू नये. त्यात संजीवके सापडल्याचे अहवाल आहेत, आणि अर्क मिळाल्यावर रोपाची स्वतःची संजीवक-निर्मितीच बदलते, असेही एका तपकिरी शेवाळाच्या अर्काबाबत दाखवले गेले आहे. निष्कर्ष एवढाच की काकडीच्या बीजपत्रावर विसंबून त्याला सायटोकायनिनचे प्रमाणपत्र देता येणार नाही. पानांच्या पिवळेपणाच्या चाचणीत हीच गोष्ट नत्राची. शेवग्याच्या पानांत झिएटिन असते आणि त्यांच्या रसाने पानांचे तुकडे अधिक काळ हिरवे राहिलेही. पण तेवढ्याच नत्राच्या द्रावणानेही त्यांना काही अंशी हिरवे ठेवले. उरलेला फरक रसाच्या बाजूने होता, म्हणून शेवग्याचा दावा मी खोडून काढत नाही. त्याचे मोठेपण मात्र कमी करून सांगतो.

पुस्तिकेतला सर्वांत गंभीर दोष सर्व चाचण्यांना लागू होणारा आहे. अर्काचे एकच प्रमाण घ्यावे असे ती सांगते. कच्च्या अर्कात संजीवकांबरोबर वाढ रोखणारी द्रव्येही असतात. ॲब्सिसिक आम्ल हे त्यांतले प्रमुख, आणि टॅनिन व इतर फिनॉलिक द्रव्ये दाट अर्कात सरळ विषारी ठरतात. शिवाय ऑक्सिनची जी मात्रा खोडाला लांबवते तीच मुळाला खुंटवते: मुळासाठी योग्य मात्रा खोडापेक्षा कित्येक पटींनी कमी असते. दाट अर्काने मूळ खुंटले, तर तो जास्त ऑक्सिनचा परिणाम असेल किंवा नुसत्या विषारीपणाचा, हे एका मात्रेवरून कळणे अशक्य आहे. किमान चार विरलने, आणि प्रत्येक विरलनाच्या पुरेशा डिश, हा नियम पुस्तिकेत पहिल्या पानावर हवा होता. डिशवर अर्काचे नाव न लिहिता क्रमांक लिहावेत आणि मोजणाऱ्या व्यक्तीला क्रमांकांचा अर्थ ठाऊक नसावा, हा साधा नियमही त्यात नाही. ज्या अर्कावर आपला लोभ असतो त्याच्या डिशमधला तुकडा मोजताना हात अर्ध्या मिलिमीटरने सैल होतो, आणि या चाचण्यांत अर्धा मिलिमीटर पुष्कळ असतो.

संचाला जे शक्यच नाही, त्याबद्दल त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. पण ते काय आहे हे ग्राहकाला माहीत असावे. ‘संजीवकासारखी क्रिया’ या शब्दांचा काटेकोर अर्थ, ते द्रव्य पेशीतल्या त्या संजीवकाच्या ग्राहक-प्रथिनाला, म्हणजे संजीवक ओळखणाऱ्या प्रथिनाला, बांधले जाते, असा आहे. ऑक्सिनचे टीआयआर१ आणि जिबरेलिनचे जीआयडी१ ही ग्राहक-प्रथिने २००५ साली ओळखली गेली. त्यांच्याशी बंध जुळतो का, हे तपासायला प्रयोगशाळा लागते. तसेच ऑक्सिन पोहोचले की ज्यांच्या पेशी रंग दाखवतात अशी मुद्दाम तयार केलेली अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या वनस्पतीची रोपे, किंवा रेणूचे वजन मोजून त्याची ओळख पटवणारी यंत्रे, यांची जागा पेट्री डिश घेऊ शकत नाही. ट्रायकॉन्टॅनॉलचे उदाहरण येथे डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. १९७७ साली स्टॅनली रीस आणि सहकाऱ्यांनी अल्फाल्फा या चाऱ्याच्या पिकातून हे तीस कार्बनचे अल्कोहोल वेगळे करून ते अत्यल्प मात्रेत पिकांची वाढ करते असे प्रसिद्ध केले. नंतरच्या प्रयोगांत निकाल कधी मिळाले, कधी मिळाले नाहीत, आणि त्याला संजीवकांच्या प्रस्थापित यादीत स्थान मिळाले नाही. याउलट मोहरीवर्गीय वनस्पतीच्या परागातून १९७० साली वर्णन झालेला ‘ब्रासिन’ हा घटकही सुरुवातीला केवळ घेवड्याच्या पेरावर दिसणारा परिणामच होता. १९७९ मध्ये त्यातल्या ब्रासिनोलाइडची रचना कळली, पुढे ते तयार न करू शकणारी बटू रोपे सापडली, आणि ब्रासिनोस्टेरॉइड हा संजीवकांचा वर्ग मान्य झाला. दोन्ही कथांची सुरुवात या संचातल्यासारख्याच एका जैवचाचणीने झाली होती. पुढच्या पुराव्याने एकाला पुढे नेले आणि दुसऱ्याला तिथेच थांबवले.

वरिष्ठ माध्यमिक किंवा महाविद्यालयीन वर्गासाठी, तसेच स्वतः अर्क तयार करून वापरणाऱ्या चौकस शेतकऱ्यासाठी आणि बागप्रेमीसाठी हा संच घ्यावा, अशी माझी शिफारस आहे. बाजारातल्या एखाद्या उत्पादनाचा दावा खरा की खोटा ठरवून कोणाला अधिकृत अहवाल द्यायचा असेल, तर मात्र तो पुरेसा नाही. घेतल्यावर त्यात सामूपट्टी, फॉस्फेट बफर, पोटॅशियम क्लोराइड, पोटॅशियम नायट्रेट आणि निर्जंतुकीकरणासाठी हायपोक्लोराइट यांची भर घालावी. शक्य झाल्यास जिबरेलिनची निर्मिती रोखणारे पॅक्लोब्युट्राझोलही आणावे, म्हणजे उंच वाणाच्या वाटाण्यालाही तात्पुरते बटू करून तीच चाचणी दुसऱ्या बाजूने ताडून पाहता येते. इंडोल ॲसेटिक आम्ल अल्कोहोलच्या काही थेंबांत विरघळवावे लागते, तेव्हा तेवढेच थेंब तुलनेच्या साध्या डिशमध्येही घालावेत. प्रमाण द्रव्यांच्या बाटल्या हाती आल्याबरोबर ॲल्युमिनियमच्या पातळ कागदात गुंडाळून शीतकपाटात ठेवाव्यात, आणि पहिला प्रयोग कोणत्याही अर्काचा न करता फक्त प्रमाण द्रावणांचा करावा, कारण त्यांचा आलेख नीट चढता आल्याशिवाय पुढच्या कोणत्याही अर्काची तुलना कशाशीच होत नाही.